उलट्या आरचं घड्याळ

मामा गेले त्याला वर्ष झालं, तेव्हा मामीने त्यांची लोखंडी ट्रंक उघडायला मला वास्कोला बोलावून घेतलं. आषाढाचे दिवस. पावसाने ट्रंकेचं कडीकोयंडं असं गंजलं होतं की आधी खोबरेल सोडून तासभर थांबावं लागलं. मामांचा सगळा जन्म गॅरेजमध्ये गेला, त्यामुळे आत काय असणार याचा अंदाज होताच: पाने, फीलर गेज, जुने कार्ब्युरेटर, बिडीच्या कागदात गुंडाळलेली बेअरिंगं. तळाशी एका बनियनच्या चिंधीत ते घड्याळ होतं.

“हें तूं व्हर,” मामी म्हणाली. “बंद आहे. ते असतानाही बंदच होतं.”

तळहातावर मावेल एवढं, पण हाताला चांगलंच जड. काळी धातूची पेटी, पुढे गोल काच, काळी डायल, तीवर हिरवट-पिवळे पडलेले जाड आकडे. हे नेहमीचं टेबलावरचं घड्याळ नव्हे हे लगेच कळलं, कारण त्याला उभं राहायला पाय नव्हते आणि टांगायला कडीही नव्हती. होती ती फक्त पुढच्या बाजूची स्क्रूची भोकं. म्हणजे कुठल्या तरी पत्र्यात बसवलेलं असणार. चावी देण्याचं बोंडही मागे नव्हतं. पुढेच, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन बोंडं होती. मोठ्या डायलमध्ये वर एक आणि खाली एक अशा दोन छोट्या डायली, आणि वरच्या छोट्या डायलमध्ये मसुराएवढी एक गोल खिडकी. खिडकीत पांढरं काहीतरी दिसत होतं. पाठीमागे, चावीच्या घड्याळाला ज्याचं काहीच काम नाही असं एक सॉकेट, आत दोन पिना.

डायलवर बारीक अक्षरं होती. भिंग लावलं तेव्हा वरच्या डायलवर बी, पी, ई, एम अशी चार अक्षरं आणि पुढे उलटा आर दिसला. आरशात पाहिल्यासारखा. त्याखालच्या शब्दात एक अक्षर फुटबॉलच्या गोलपोस्टसारखं, एक तंबूसारखं. खालच्या डायलवर नुसतं सी, ई, के.

हे सगळं आता एका दमात लिहितोय खरं, पण तेव्हा यातलं निम्मं मला दिसलंच नव्हतं. मागचं सॉकेट दिसलं, उलटा आर दिसला, आणि मी तेवढ्यावरच हरखून गेलो.

म्हापशाला घरी आणल्यावर दोन दिवसांत त्याचा इतिहास तयार झाला. तो माझ्या आतेभावाने केला. गोव्यात कुणाच्याही घरी जुनी धातूची वस्तू निघाली की ती मुरगाव बंदरातल्या जर्मन बोटीवरची असते, हा इथला अलिखित नियम आहे. त्या बोटींची गोष्ट खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोव्याचं बंदरही तटस्थ. तिथे एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या तीन जर्मन आणि आनफोरा ही इटालियन अशा चार बोटी आसऱ्याला येऊन अडकल्या होत्या. एरेनफेल्सवर छुपा ट्रान्समीटर आहे आणि तिथून पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीचे पोट सुटलेले, निवृत्तीला आलेले हौशी शिपाई ‘फीबी’ नावाच्या एका बार्जवरून आले आणि एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी बोटी शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून स्वतःच पेटवून बुडवल्या. त्यावर पुढे इंग्रजी सिनेमाही निघाला, आणि तेव्हापासून वास्कोतल्या प्रत्येक पितळी दिव्याला जर्मन आजोबा मिळाले.

आतेभावाचं म्हणणं सरळ होतं. मामा वास्कोचे, बोटी मुरगावच्या, अक्षरं परकी. अजून काय पाहिजे? मी म्हटलं, जर्मन लिपीत उलटा आर नसतो. तो म्हणाला, “सिक्रेट कोड.” यावर वाद कसा घालणार?

दुसरा पक्ष आमच्या शेजारच्या काकांचा. त्यांच्या मते हे ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेवरचं. 18 डिसेंबर 1961 ला भारताच्या बेतवा आणि बियास या फ्रिगेटींनी तिला मुरगावसमोर गाठलं, ती जायबंदी होऊन किनाऱ्याला लागली, आणि पुढे भंगारात गेली. भंगारात गेली म्हणजे वास्कोच्या भंगारवाल्याकडे आली असणार, आणि भंगारवाल्याकडे आली म्हणजे मामांकडे. हा तर्क मला जर्मन तर्कापेक्षा बरा वाटला. म्हणून मी फोंड्याला धाकट्या आजीकडे गेलो. ती लिसेवपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलापर्यंत शिकलेली, पोर्तुगीज वर्तमानपत्र वाचत मोठी झालेली, आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरही तिची नजर सुईत दोरा ओवण्याएवढी शाबूत आहे.

तिने घड्याळ खिडकीशी धरलं, चष्मा कपाळावर सारला, आणि बराच वेळ पाहिलं. “हे पोर्तुगीज नव्हे,” ती म्हणाली. “पोर्तुगिजांच्या शाळेत कुणी आर असा उलटा काढला असता तर मास्तरांनी हातावर पाल्मातोर मारली असती.” मग तिने मास्तरांच्या त्या लाकडी पळीची गोष्ट सांगितली. ती अर्धा तास चालली आणि तिचा घड्याळाशी संबंध नव्हता. पण युद्धनौकेचा दावा तिथे संपला.

परत येताना बसमध्ये मला स्वतःलाच एक गोष्ट सुचली, ती आधी सुचायला हवी होती. बोटीवरचं घड्याळ दुरून दिसावं म्हणून मोठं करतात, भिंतीला लावतात. हे हाताच्या अंतरावरून वाचायचं घड्याळ होतं. पाठीला पत्रा, पुढे बोंडं, म्हणजे वापरणारा माणूस समोर बसलेला आणि त्याला मागे हात घालायला जागा नाही. बोंडंही जाडजूड, खाचा पाडलेली. हातमोजे घातलेल्या माणसालाही धरता यावीत अशी. बोटीवर कुठे असं खुर्चीला बांधून घेतात?

श्रावणात मी ते म्हापशाच्या एका जुन्या घड्याळजीकडे नेलं. शुक्रवार होता. बाजाराची गर्दी, चवथीच्या आधीची खरेदी, चिखल, आणि त्यात हा माणूस चार फुटांच्या दुकानात भिंग डोळ्याला लावून बसलेला. त्याने डावं बोंड उजवीकडे फिरवलं, नुसतं गरगरलं. मीही हेच केलं होतं, मामांनीही हेच केलं असणार. मग त्याने घड्याळ कानाशी नेलं आणि बोंड अगदी हळू डावीकडे फिरवलं. आतून बारीक कट-कट-कट असा आवाज आला.

“चावी उलटी आसा,” तो म्हणाला.

इतकंच. इतकी वर्षं ते ‘बंद’ होतं ते यामुळे. आपल्या हाताला चावी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची सवय, आणि या घड्याळाला ती उलट्या दिशेने द्यायची. त्याने पंचवीस-तीस आटे दिले, स्प्रिंग घट्ट झाली, पण काटे मात्र हलेनात. तो म्हणाला, तेल सुकून गोंद झालं असेल, मशीन काढून धुवावं लागेल. आणि जाता जाता, “आकड्यांचा रंग गेलाय, खरवडून नवा रेडियम भरून देतो, रात्री मस्त दिसेल.”

इथे मी घड्याळ परत मागितलं. मी काही या विषयातला जाणकार नव्हे, पण जुन्या हिरव्या आकड्यांबद्दल एवढं कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं की ते खरवडायचे नसतात. आपण आता चमकणाऱ्या कुठल्याही स्टिकरला ‘रेडियम’ म्हणतो, दुचाकीच्या नंबरप्लेटलासुद्धा. त्यात रेडियमचा अंश नसतो. पण जुन्या लष्करी डायलींवर मात्र खराखुरा रेडियम असायचा. घड्याळजी थोडा नाराज झाला. चाळीस वर्षांत असली शंका कुणी काढली नव्हती, असं त्याने बोलून दाखवलं. चहाचे पैसेही त्यानेच दिले, त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

मधल्या काळात फोनवर फोटो टाकून शोधलं. फोनने मला एकदा प्रेशर गेज, एकदा ट्रकचा स्पीडोमीटर आणि एकदा बाथरूममधला वजनकाटा दाखवला. ती वाट सोडून दिली.

मग चवथ आली.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. सगळं कुटुंब जमतं, तीसेक माणसं तरी असतात. गणपतीवर फळा-भाज्यांची माटोळी बांधून झाली होती, दुपारची आरती झाली होती, पानं वाढायला घेतली होती, आणि मुलं माझ्या खोलीत हुंदडत होती. घड्याळ कपाटावर ठेवलं होतं ते आतेभावाच्या पाच वर्षांच्या नातीच्या हाती लागलं. तिने काय केलं ते तिने नंतर पोलिसांना जबाब द्यावा तसं सांगितलं: आधी उजवं बोंड पिळलं, मग डावं दाबलं.

उजवं पिळल्याबरोबर घड्याळ टिकटिकायला लागलं. डावं दाबल्यावर त्या मसुराएवढ्या खिडकीतलं पांढरं गेलं आणि लालभडक रंग आला.

ती पोर घड्याळ दोन्ही हातांत धरून पानांच्या पंगतीत आली. “आजोबा, हे लाल झालं.” आतेभावाने पाहिलं: टिकटिक, लाल खिडकी, पाठीमागे दोन पिना. जर्मन बोटीवरचं हे त्यानेच महिनाभर सांगितलेलं. त्याचा चेहरा माटोळीतल्या काकडीसारखा पांढराफटक पडला.

“भायर सरात! सगळीं भायर सरात!”

आणि सगळे सरले. कुणी नेवरीचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घेऊन, कुणी तान्हं मूल घेऊन, एक काका नेसत्या सोवळ्याने पावसात. घरात उरले गणपती, मी, आणि घड्याळ. मी धीराने थांबलो असं नाही. ते पोरीच्या हातातून मीच घेतलं होतं आणि आता कुठे ठेवावं हे सुचत नव्हतं, म्हणून थांबलो. ते तसंच टिकटिकत राहिलं. वरच्या छोट्या डायलचा काटा कणाकणाने पुढे सरकू लागला. मी डावं बोंड पुन्हा दाबलं. खिडकी अर्धी लाल, अर्धी पांढरी झाली आणि छोट्या डायलचा काटा थांबला. तिसऱ्यांदा दाबलं. काटा टकदिशी शून्यावर गेला, खिडकी पांढरी झाली. मोठं घड्याळ मात्र आपलं चालतच होतं.

माझी भीती तिथेच गेली. स्फोट करायचं यंत्र परत शून्यावर येत नाही.

अंगणात चुलतभावाचा मुलगा उभा होता. तो मोरजीला एका शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात काम करतो. पावसाळ्यात शॅक काढून ठेवलेले असतात, म्हणून तो चवथीला पूर्ण मोकळा. हातात अर्धी नेवरी घेऊन तो आत आला, घड्याळ घेतलं, आणि मी दोन महिने ज्या अक्षरांशी झटत होतो ती त्याने नेवरी संपायच्या आत वाचली.

“काका, हे रशियन आहे.”

मोरजी-हरमलच्या बाजूला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे हंगामात इतके रशियन असतात की हॉटेलांच्या पाट्या, मेनू, स्कूटर भाड्याने देण्याचे फलकसुद्धा त्यांच्या लिपीत असतात. मी त्या पाट्यांखालून शंभर वेळा गेलो असेन. उलटा आर त्यांवर शंभर वेळा पाहिला असेन. पण तो मला मामांच्या ट्रंकेतून निघालेल्या वस्तूवर ओळखू आला नाही.

“पहिल्या महिन्यात मी ‘पेक्टोपाह’ म्हणायचो,” तो हसत म्हणाला. “गिऱ्हाईकं हसून मरायची. ते ‘रेस्तोरान’ असतं. त्यांचा पी म्हणजे आपला र. सी म्हणजे स. एच म्हणजे न. बी म्हणजे व. आणि तो उलटा आर म्हणजे या.” मग त्याने बोट ठेवून वाचलं. बी व, पी र, मग ए, म, या. “व्रेम्या. व्रेम्या म्हणजे टाइम, हे रोज ऐकतो मी.” गोलपोस्टवाला शब्द ‘पोल्योता’. तो त्याला येत नव्हता. त्याने फोनवर रशियन कळफलक काढला, एकेक अक्षर दाबलं, आणि फोन माझ्यापुढे धरला: उड्डाणाचा. खालचं सी-ई-के म्हणजे ‘सेक’, सेकंद.

व्रेम्या पोल्योता. उड्डाणाचा वेळ.

तोवर बाकीचे एकेक करून दारातून डोकावू लागले होते. आतेभाऊ सगळ्यांत शेवटी आला. “रशियन बोट होती एक,” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

विमानातलं घड्याळ, इतकं कळल्यावर पुढचं आपोआप कळेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण मला अजून दोन गोष्टी छळत होत्या. एक, आकड्यांवरचा रंग. दोन, मागचं ते सॉकेट.

रंगाचं आधी. ओळखीचे एक प्राध्यापक कॉलेजात फिजिक्स शिकवतात. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजणारा गायगर-म्युलर काउंटर असतोच. चवथीची सुटी संपल्यावर घड्याळ एका डब्यात घालून नेलं. त्यांनी आधी अंधार करून फोनच्या टॉर्चचा झोत आकड्यांवर टाकला आणि बंद केला. क्षणभर फिकट हिरवं काहीतरी दिसलं न दिसलं, लगेच विझलं. “म्हणजे गेला ना रेडियम?” मी विचारलं. ते म्हणाले, उलट. चमकतं ते रंगातलं झिंक सल्फाइड. रेडियमचा मारा खाऊन खाऊन काही वर्षांत ते थकतं. रेडियम थकत नाही. तो अर्धा व्हायला 1600 वर्षं लागतात. दिवा गेला, पण तेल तसंच आहे, अशी ही गत.

मग काउंटरची नळी काचेपुढे आणली. आधी खोलीत मधूनच एखादी टिक पडत होती, घड्याळापुढे पाऊस पत्र्यावर पडावा तशी सर आली. नळी फूटभर मागे घेतली तशी ती सर ओसरली. त्यांनी समजावलं ते असं: रेडियमचे अल्फा कण काचेपलीकडे येत नाहीत, ही टिकटिक गॅमा किरणांची, आणि फूट-दोन फुटांवर ती नगण्य होते. खरा धोका आतल्या भुकटीचा. जुना रंग ठिसूळ होऊन सुटतो, पेटी उघडली आणि तो नाकातोंडात गेला तर शरीरात हाडांत जाऊन बसतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांचे जबडे झडले, कित्येकजणी गेल्या. मला म्हापशाचा घड्याळजी आणि त्याचा खरवडायचा चाकू आठवला. त्याच संध्याकाळी जाऊन मी त्याला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग कोपऱ्यातल्या जुन्या डायलींच्या एका डब्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

तेव्हापासून नियम: घड्याळ उघडायचं नाही, झोपायच्या खोलीत ठेवायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही. ते बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे.

याचा अर्थ असाही होता की जे काही ओळखायचं ते बाहेरूनच. आतलं मशीन, त्यावरचे शिक्के, हे सगळं बंद. सॉकेटचं कोडं तर मग कसं सुटणार?

ते सुटलं दाबोळीला. माझ्या बायकोच्या मावशीच्या शेजारी नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मूळचे सिंधुदुर्गातले, नोकरीची बरीच वर्षं हंसा या दाबोळीच्या नौदल तळावर विमानांच्या दुरुस्तीत. त्यांच्यापुढे मी डबा उघडला आणि त्यांनी घड्याळाकडे पाहण्याआधी माझ्याकडे पाहिलं. “हे कुठून आणलं?”

आवाज खात्यातला होता. मी मामा, ट्रंक, भंगार असं सगळं एका श्वासात सांगितलं. ते जरा सैल झाले. विमान मोडीत निघतं, लिलावात जातं, भंगारवाला किलोवर घेतो. त्यात एखादं घड्याळ राहून गेलेलं असू शकतं, म्हणाले. मग घड्याळ हातात घेतलं, आणि त्या माणसाची बोटं न बघता दोन्ही बोंडांवर जाऊन बसली. डावं उलटं फिरवलं, चावी. तेच बाहेर ओढून फिरवलं, काटे लागले. दाबलं, लाल. उजवं घड्याळाच्या दिशेने पिळलं, टिकटिक थांबली. उलटं पिळलं, सुरू झाली. सेकंदावर वेळ जुळवायची असेल तर असं थांबवतात, ते म्हणाले. उजवं नुसतं दाबलं की खालच्या डायलमधलं स्टॉपवॉच. मामांच्या ट्रंकेत ते इतकी वर्षं गप्प होतं कारण कुणीतरी कधीतरी उजवं बोंड पिळून ठेवलं होतं, आणि चावी कुणाला देता येत नव्हती. बिघाड असा काही नव्हताच.

“आ-चे-एस, एक,” त्यांनी नाव सांगितलं. सोव्हिएत विमानांतलं नेहमीचं घड्याळ. उरल पर्वताकडे चेल्याबिन्स्क म्हणून शहर आहे, तिथल्या ‘मोल्निया’ कारखान्यातलं. मोल्निया म्हणजे आकाशातली वीज. (हे शहर मला दुसऱ्याच कारणाने माहीत होतं: 2013 च्या फेब्रुवारीत तिथे आकाशात उल्का फुटली आणि गावभर काचा फुटल्या.) उड्डाण सुरू होताना वैमानिक डावं बोंड दाबतो, खिडकी लाल. खाली उतरल्यावर दाबतो, अर्धी लाल. किती वेळ हवेत होतो ते वरच्या डायलवर तसंच राहतं, वहीत लिहून झाल्यावर तिसऱ्यांदा दाबून शून्य. इंधन किती उरलं असावं, इंजिनाचे तास किती भरले, याचा हिशेब त्यावर. खिडकी रंगीत अशासाठी की काटा हलतोय की नाही हे वाचत बसायला नको, नुसत्या नजरेला कळावं.

“आणि मागचं सॉकेट?”

ते हसले. “शेगडी.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच, आत विजेची शेगडी असते. विमानाच्या 27 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालते. मशीन चावीचंच, विजेचा वेळेशी काही संबंध नाही. पण दहा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे पन्नासच्या घरात असते, आणि रशियातला हिवाळा जमिनीवरसुद्धा काही कमी नसतो. थंडीने घड्याळातलं तेल घट्ट होतं, काटे मागे पडतात, थांबतात. म्हणून पिनांतून वीज देऊन घड्याळ आतून शेकायचं, आणि पुरेसं गरम झालं की थर्मोस्टॅट ती तोडतो.

मी त्या दोन पिनांना बॅटरी समजलो होतो, घरच्यांनी बॉम्बच्या वायरी समजल्या होत्या. ती निघाली घड्याळाची कानटोपी. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं आणि आम्ही दोघं घामाने निथळत घड्याळाच्या शेगडीवर बोलत होतो.

मग साहजिकच मी विचारलं, कुठल्या विमानातलं? दाबोळीत 1977 पासून इल्यूशिन-38 होती, 315 नंबरची स्क्वाड्रन, ‘विंग्ड स्टॅलियन्स’. 2023 मध्ये ती निवृत्त झाली. पाणबुड्या शोधायला तासन्‌तास समुद्रावर फिरणारं चार पंख्यांचं ते विमान वास्कोकरांनी वर्षानुवर्षं डोक्यावरून जाताना पाहिलं, ऐकलं. मामांचं गॅरेज त्याच वाटेखाली. जुळतंय की सगळं!

गृहस्थांनी मान हलवली. “असं म्हणू नका.” हे घड्याळ मिग-21 मध्ये असतं, मी-8 हेलिकॉप्टरमध्ये असतं, सोव्हिएत बनावटीच्या कशातही निघू शकतं. मिग-21 तर नाशिकजवळ ओझरलाच बनत होती. ओझरहून भंगार मुंबईला, मुंबईहून ट्रकने कुणी ड्रायव्हर वास्कोला, आणि ट्रकच्या क्लचप्लेटच्या बदल्यात मामांच्या हाती, हेही तितकंच शक्य. “विमानाचं आहे, रशियाचं आहे, काम काय ते कळलं. यापुढे सांगाल ती तुमच्या आतेभावाची गोष्ट.”

हे मला लागलं. पण माणूस बरोबर होता.

तरी पुढच्या रविवारी मी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन आलोच. अंगणात सी हॉक, आलिझे, अजस्र सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहेत. पावसाने धुतलेली, उन्हाने रंग उडालेली. ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकन. मी त्यांच्या पोटाखालून फिरलो, माझ्या घड्याळाचा त्यांच्याशी काही संबंध नाही हे ठाऊक असूनही कॉकपिटच्या काचांकडे मान वर करकरून पाहिलं. येताना किनाऱ्यावर बसून शहाळं प्यायलो. वरून मुंबईचं विमान उतरत होतं.

मामीला फोन करून सगळं सांगितलं. रेडियमचं सांगितल्यावर तिने विचारलं, ती ट्रंक माझ्या खाटेखाली होती, मला काही व्हायचं नाही ना? प्राध्यापकांना विचारून ठेवलंच होतं. बंद पेटीत, लोखंडी ट्रंकेत, काळजीचं कारण नाही असं ते म्हणाले होते. मग ती थोडा वेळ गप्प. “मग ते जर्मन नव्हे?” “नव्हे, मामी.” “बरं,” ती म्हणाली, आणि जरा हिरमुसल्यासारखी वाटली.

आता एक दिवसाआड चावी देतो, डावीकडे. पूर्ण चावीवर ते तीन दिवस जातं, पण तिसऱ्या दिवशी थोडं रेंगाळतं. आर्द्रतेमुळे असेल, वयामुळे असेल. शेगडीला वीज दिलेली नाही.

यंदाच्या चवथीला आतेभावाचे व्याही आले होते, सांगलीकडचे. जेवणं झाल्यावर तो त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. मी सुपारी कातरत होतो, तिथून ऐकू येत होतं. “मुरगाव बंदरात जर्मन बोटी होत्या, 1943 सालची गोष्ट...” मी कपाटाकडे पाहिलं. मोरजीवाल्या पुतण्याने किल्ली लावून दार उघडलं, हात आत घातला आणि डावं बोंड दाबलं. व्याही दोन पावलं मागे सरले.